आधी झाड कोणते, ते सांगा!

मराठी भाषेने एका वनस्पतीचे नाव शिवीसारखे वापरले आहे. दुसऱ्याच्या कष्टावर पोसला जाणारा, कामाच्या वेळी अदृश्य होणारा आणि पंगतीला सर्वांत आधी बसणारा माणूस म्हणजे बांडगूळ! आंब्याच्या फांदीत मूळ रुतवून झाडाचे पाणी पिणारी, जाड पानांची आणि नारिंगी-तांबड्या नळीसारख्या फुलांची ही वनस्पती दिसली, की कोकणातला बागायतदार तिला कोयता लावल्याशिवाय राहत नाही. आयुर्वेदाने मात्र तिच्यासाठी औषधांच्या पंगतीत मानाचे पान मांडले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, मूत्रविरेचनीय म्हणून जी दहा द्रव्ये सांगितली आहेत त्यांतले पहिलेच नाव 'वृक्षादनी' हे आहे. सुश्रुताच्या वीरतर्वादि गणातही ती आहे आणि हा गण मुतखडा, मूत्रकृच्छ्र अशा विकारांवर सांगितलेला आहे. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी. आधुनिक वनस्पतिशास्त्र तिला 'डेन्ड्रोफ्थो फाल्काटा' म्हणते आणि ग्रीक शब्दांतून घडविलेल्या या नावाचा अर्थही झाडाचा क्षय असाच होतो.

येथवर कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो यानंतर. वृक्षादनीचे, म्हणजेच बांडगुळाचे, चूर्ण आता पुडीतून घरपोच मिळते. मुतखड्यापासून मधुमेहापर्यंत आणि वंध्यत्वापासून कर्करोगापर्यंत कशावरही ते चालते, असे सांगणारे 'जाणकार' गावोगावी आहेत. चरकाचे नाव घेतले जाते, ऋषिमुनींचे नाव घेतले जाते आणि शेवटी ठरलेले वाक्य येते, की हे शंभर टक्के नैसर्गिक असल्यामुळे याला कोणतेही दुष्परिणाम नाहीत. मध्यमवर्गीय घरातला, आपल्या परंपरेविषयी मनात आदर बाळगणारा माणूस या वाक्यावर विश्वास ठेवतो. इंग्रजी औषधांच्या महागड्या चिठ्ठ्यांना तो कंटाळलेला असतो. त्याचा विश्वास खोटा नाही. परंतु त्या विश्वासावर जो व्यापार उभा राहिला आहे, त्याला एक अगदी साधा प्रश्न कोणी विचारलेला नाही. हे बांडगूळ कोणत्या झाडावरचे?

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण बांडगुळाच्या बाबतीत सारे काही याच प्रश्नावर अवलंबून आहे.

चोरून आणलेली शिदोरी

बांडगुळाचे फळ फुलटोच्यासारखे चिमुकले पक्षी खातात. बीभोवतीचा गर इतका चिकट असतो, की ते बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर पुसल्यावाचून पक्ष्याची सुटका होत नाही. बी तेथेच रुजते, पण त्याचे मूळ जमिनीचा शोध घेत नाही. ते सालीतून आत शिरते आणि झाडाच्या जलवाहिन्यांना जाऊन भिडते. पाने हिरवी असल्यामुळे बांडगूळ आपले अन्न बऱ्याच अंशी स्वतः तयार करते, मात्र पाणी आणि त्यात विरघळलेले सर्व काही ते आश्रयवृक्षाकडून घेते. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. भारतात या एकाच जातीचे आश्रयवृक्ष मोजले गेले तेव्हा ती संख्या चारशेच्या घरात गेली. आंबा आहे, चिकू आहे, फणस आहे. तसेच ज्यांच्या वाटेला कोणी शहाणा माणूस जाणार नाही अशी विषारी झाडेही आहेत.

आता 'त्यात विरघळलेले सर्व काही' या शब्दांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. विषारी झाडाचे विष बांडगुळात उतरते काय?

उतरते. आणि ही माहिती आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेले आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांच्याकडे ओडिशातील कटक भागातून एका बांडगुळाची पाने आली. तिकडे त्याला 'कुचले का मलंग' म्हणत. कुचल्याच्या, म्हणजे कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडावर ते वाढलेले होते. बांडगुळाची ती जात वेगळी होती. ओशॉनेसी यांना त्या पानांत स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन सापडले. ही दोन्ही कुचल्याची जगप्रसिद्ध विषे आहेत! 'मलंग' हे नावही किती बोलके आहे. दुसऱ्याच्या दारी राहणारा हा फकीर यजमानाच्या घरातले हत्यार झोळीत घालून बसला होता.

दुसरे उदाहरण थेट वृक्षादनीचेच आहे. ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात १९६१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कण्हेरीवर वाढलेल्या डेन्ड्रोफ्थो फाल्काटाच्या पानांचे पृथक्करण केले असता कण्हेरीतील हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये त्यात आढळली. कण्हेर पोटात गेली तर काय होते हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. नाडी मंदावते, ठोके चुकू लागतात, आणि मात्रा जास्त झाली तर माणूस दगावतो. शिवाय ज्याला आधीच हृदयविकारावर डिगॉक्सिन चालू आहे त्याला तर थोडीही मात्रा पुष्कळ ठरू शकते, कारण दोन्हींची क्रिया एकाच जातीची आहे.

म्हणजे बाजारात 'वृक्षादनी चूर्ण' या एका नावाखाली जी पुडी मिळते, ती आंब्यावरच्या बांडगुळाची असेल तर एक द्रव्य आहे आणि कण्हेरीवरच्या बांडगुळाची असेल तर सर्वस्वी दुसरे. वाळवून दळल्यावर दोन्हींचा रंग हिरवट-तपकिरीच दिसतो. आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांत 'ई-१' नावाची एक अनुसूची आहे. आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची ती यादी. वत्सनाभ, धोत्रा, कुचला, गुंज, भल्लातक यांच्याबरोबर करवीर, म्हणजे कण्हेर, त्या यादीत आहे. ज्या औषधात यांपैकी काही असेल त्याच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सावधगिरीची सूचना छापावी लागते. परंतु त्याच कण्हेरीचा रस पिऊन त्याच कण्हेरीच्या फांदीवर बसलेले बांडगूळ यादीत नाही! त्याला सूचना लागत नाही. वेष्टनावर वनस्पतीचे नाव छापले जाते, आश्रयवृक्षाचे नाव छापण्याचे बंधन कोणावरही नाही.

आपल्या परंपरेला मात्र हा भेद ठाऊक होता, हे येथे नमूद केले पाहिजे. जुन्या वैदूला नुसते 'बांडगूळ आण' म्हणून चालत नसे. अमुक झाडावरचे आण, असेच सांगावे लागे. गुळवेल काही परोपजीवी नव्हे, ती नुसती आधाराला चढते. पण तीही कडुनिंबावर चढलेली असेल तरच उत्तम, असे वैद्य आजही सांगतात. आधाराला चढणाऱ्या वेलीच्या बाबतीत जे लोक इतके चोखंदळ होते, ते झाडाचे रक्त पिणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत बेफिकीर असणे शक्य नाही. बेफिकिरी आली ती दलालाच्या पोत्यातून, जेथे रानात गोळा करणाऱ्याला वजनावर पैसे मिळतात आणि चार झाडांवरचा माल एकाच सुतळीने बांधला जातो.

नावाचा गोंधळ तर याहून जुना आहे. संस्कृतातील 'वन्दा' आणि 'वन्दाक' हे शब्द झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना सरसकट लावले गेले. झाडावर नुसते बसणारे, झाडाचे काहीही न घेणारे एक सुंदर आमर आहे. त्याचे 'वान्डा' हे शास्त्रीय नावही या संस्कृत शब्दावरूनच पडले. देशाच्या काही भागांत तेच आमर रास्ना म्हणून विकले जाते. म्हणजे वन्दा मागावी तर आमर पदरात पडण्याची शक्यता आणि रास्ना मागावी तरी आमरच पदरात पडण्याची शक्यता!

उंदीर बरे झाले, पुढे काय?

वृक्षादनीवर संशोधन झालेलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते झाले आहे, आणि भारतीय संशोधकांनीच केले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या अर्काने प्रयोगशाळेतील उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे दिसले. जंतुनाशक गुणही आढळला. क्वेर्सिट्रिनसारखी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये तिच्यात सापडली आहेत. उंदरांमधील गाठींवर, सुजेवर, यकृताच्या इजेवर असेच प्रयोग झाले. पण हे सारे कागद एकत्र केले तरी काचनळी आणि उंदीर यांच्यापलीकडे फारसे जाता येत नाही. ज्या मुतखड्यासाठी चरक-सुश्रुतांनी ही वनस्पती सांगितली, त्या मुतखड्याच्या माणसांवर पुरेशा संख्येने, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, खडा आधी किती मिलिमीटर होता आणि नंतर किती राहिला हे मोजून केलेले काम पुढे यायला हवे होते. उंदरावरचा प्रयोग दोन वर्षांत आटोपतो, प्रबंध पूर्ण होतो, पदवी मिळते. माणसांवरच्या चाचणीला वेळ, पैसा आणि धीर लागतो.

उंदरांवरच्या याच संशोधनाचा एक भाग विक्रेत्यांच्या पत्रकांत कधीच येत नाही. नर उंदरांना बांडगुळाच्या खोडाचा अर्क तोंडावाटे दिला असता शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधण्याच्या दृष्टीने तो प्रयोग होता आणि त्या दृष्टीने तो उत्साहवर्धकही ठरला. पण ज्या घरात अपत्यासाठी नवससायास चालले आहेत, त्या घरातल्या पुरुषाला 'धातुपुष्टी'साठी कोणी हेच चूर्ण दुधातून देत असेल तर? उंदरात घडते ते माणसात घडेलच असे नाही, हे खरे. मग जखम भरण्याच्या बाबतीतही तेच खरे मानावे लागेल. उंदराची साक्ष सोयीची असेल तेव्हा ग्राह्य आणि गैरसोयीची असेल तेव्हा अग्राह्य, असा न्याय कोठल्याही न्यायालयात चालत नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते. हजारो वर्षांचा अनुभव हाच पुरावा नाही काय?

अनुभव हा पुरावा आहेच, पण कशाचा, ते पाहिले पाहिजे. खाल्ल्याबरोबर उलटी झाली, अंगावर पित्त उठले, नाडी बिघडली, तर वैद्याला ते दिसते आणि पिढ्यान् पिढ्या लक्षात राहते. पण जे नुकसान वीस वर्षांनी प्रकट होते, ते कोणत्या घोटामुळे झाले हे कोणाच्या ध्यानात येणार? युरोपात अॅरिस्टोलोकिया नावाची वनस्पती प्राचीन ग्रीक काळापासून बाळंतिणींना देत आले. दोन हजार वर्षांचा अनुभव! १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रसेल्समधील एका वजन घटविण्याच्या दवाखान्यात चिनी वनौषधी देताना एका वनस्पतीऐवजी तिच्याशी नामसाधर्म्य असलेली अॅरिस्टोलोकियाची जात वापरली गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांच्यातील अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्यानंतर शोध घेतला गेला आणि या वनस्पतीतील आम्ल मूत्रपिंड नष्ट करते व कर्करोग घडविते हे निर्विवाद सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. दोन हजार वर्षे किती बायका त्याने गेल्या असतील याची गणतीच नाही, कारण बाळंतपणानंतर पंधरा वर्षांनी मूत्रपिंड बिघडले तर त्याचा संबंध त्या काढ्याशी जोडणार कोण? त्याच कुळातली, त्याच प्रकारचे आम्ल असलेली ईश्वरी, म्हणजे सापसंद, आपल्याही रानात आहे, आणि तिलाही परंपरेचा आधार आहे.

प्रश्न योग्य, पत्ता चुकीचा

वनस्पतीची ओळख हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही, हे २०२१ साली मुंबईतही दिसले. गुळवेलीचे काढे आणि गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद तेथील डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. करोनाच्या भीतीने त्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर तातडीने आक्षेप घेतला. डॉक्टरांनी वनस्पतीची खातरजमा केलेली नाही, ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्रश्न अधिक गंभीर झाला.

मंत्रालयाने विचारलेला प्रश्न शंभर टक्के योग्य होता. वनस्पती कोणती होती? पण तो विचारला गेला डॉक्टरांना, ज्यांच्यासमोर पिवळ्या डोळ्यांचा रुग्ण होता. तो विचारायला हवा होता उत्पादकाला आणि विक्रेत्याला, ज्यांनी ती वनस्पती खरेदी केली, दळली, भरली आणि विकली. रुग्णाने बाटली विकत घेताना त्यात काय आहे याची हमी घेतलेली असते. ती हमी देणाऱ्याला सोडून, इजा झाल्यावर रुग्णाच्याच पदरी पुराव्याचे ओझे टाकणे हे कोणत्या न्यायात बसते? बांडगुळाच्या बाबतीत तर ओझे दुप्पट होईल. रुग्णाला आधी जात सिद्ध करावी लागेल आणि मग झाड!

कायद्याची रचनाही अशीच आहे. २०१० साली आलेल्या १५८-ब या नियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथांत जसे सांगितले आहे तसे बनविलेल्या औषधाला सुरक्षिततेच्या वेगळ्या अभ्यासाची अट नाही. ग्रंथाचा आधार हाच परवाना. ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त पद्धतीनेच, ओळखलेल्या वनस्पतीपासून, वैद्याच्या नजरेखाली बनत असेल तर या सवलतीमागची भूमिका समजण्यासारखी आहे. पण ज्या ग्रंथाने पथ्य सांगितले, मात्रा सांगितली, रोग्याची प्रकृती पाहायला सांगितले, त्या ग्रंथाचे नुसते नाव घ्यायचे आणि बाकी सारे सोडून द्यायचे, ही परंपरेची सेवा नव्हे. परंपरेच्या भरदार वृक्षावर रुजलेले हे दुसरे बांडगूळ आहे. मुतखडा अथवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे तर १९५४ च्या औषधे व जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच गुन्हा आहे. तो कायदा आजही पुस्तकात आहे.

युरोपने आपले बांडगूळ तपासले

युरोपातही एक बांडगूळ आहे. सफरचंदाच्या, पॉप्लरच्या झाडावर वाढणारे व्हिस्कम अल्बम. हिमालयातही ते आढळते. १९१७ च्या सुमारास ऑस्ट्रियाचे तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी ते कर्करोगावर सुचविले. झाडाला लागलेली गाठ माणसाच्या गाठीवर उपयोगी पडेल, अशी त्यामागे एक कल्पना होती. पुढे त्याची इंजेक्शने निघाली आणि जर्मन भाषक देशांत लक्षावधी रुग्णांनी ती घेतली. विशेष म्हणजे तेथे कोणत्या झाडावरच्या बांडगुळाचा अर्क आहे हे औषधाच्या नावातच नोंदविण्याची पद्धत पडली. सफरचंदावरचा वेगळा, ओकवरचा वेगळा, पाइनवरचा वेगळा.

शंभर वर्षे श्रद्धा आणि उपहास यांचे युद्ध चालले. मग चाचण्या झाल्या. २०१३ साली सर्बियातील २२० रुग्णांच्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगात बांडगुळाच्या इंजेक्शनाने आयुष्य लांबल्याचे दिसले, मध्यमान २.७ महिन्यांवरून ४.८ महिन्यांवर गेले. समर्थकांना आनंद झाला. परंतु त्या अभ्यासात कोणाला औषध मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरालाही. म्हणून स्वीडनमध्ये तोच प्रश्न पुन्हा घेतला गेला. या वेळी २९० रुग्ण होते आणि कोणाच्या सुईत बांडगूळ आहे व कोणाच्या सुईत नुसते निष्प्रभ द्रावण, हे रुग्णालाही कळू दिले नाही आणि डॉक्टरालाही. २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला. आयुष्य लांबले नाही आणि जगण्याची गुणवत्ताही सुधारली नाही.

हा निकाल वाचून आपल्याकडच्या काही बुद्धिवाद्यांना हर्षवायू होईल. पाहा, बांडगुळात काही नसते! पण त्यांनीही थोडे थांबावे. व्हिस्कम अल्बम म्हणजे वृक्षादनी नव्हे, इंजेक्शन म्हणजे काढा नव्हे आणि स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणजे मुतखडाही नव्हे. न तपासता स्वीकारणे आणि न तपासता झिडकारणे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध चीनच्या जुन्या वनौषधीतून निघाले आणि २०१५ साली तू यूयू यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आयुर्वेदाचे नाव निघताच नाक मुरडणारी मंडळी या नावापाशी मात्र गप्प बसतात. तू यूयू यांनी जुना ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरविला नाही आणि रद्दीतही टाकला नाही. ग्रंथात सांगितलेल्या कृतीतून त्यांना उष्णता टाळण्याची खूण मिळाली, त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, तो प्राण्यांवर तपासला आणि माणसांवर चाचणी करण्यापूर्वी स्वतः घेऊन पाहिला.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. अमेरिकेने १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर स्वामित्वहक्क दिला, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तो लढा दिला आणि १९९७ मध्ये तो हक्क रद्द करून घेतला. ती लढाई हळदीवरच्या प्रेमाने जिंकली गेली नाही. जुने ग्रंथ, जुने छापील शोधनिबंध, तारखा आणि पाने पुढे ठेवून ती जिंकली गेली. परक्यासमोर पुरावा ठेवताना आपला स्वाभिमान दुखावला नाही, उलट उंचावला. मग स्वतःच्या रोग्यासमोर पुरावा ठेवताना तो का दुखावावा?

आणि चरकाचे नाव घ्यायचेच असेल तर चरक पुरता घ्यावा. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराख्यांना, धनगरांना, वनवासींनाही ठाऊक असतात. पण तिचा योग कोणाला, केव्हा, किती द्यायचा हे जाणणारा तोच खरा वैद्य, असे त्याचे मत आहे. न ओळखलेल्या औषधाला त्याने विषाच्या आणि शस्त्राच्या पंक्तीत बसविले आहे. आप्तवचनाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही परीक्षेची साधने तो मानतो. ज्या ग्रंथकाराने परीक्षेला एवढे महत्त्व दिले, त्याच्या नावावर परीक्षेतून सूट मागितली जावी, हा विचित्र प्रकार आहे.

वृक्षादनीची परीक्षा अवघड नाही. पानाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण, रासायनिक ठसा आणि गुणसूत्रांवरून जातीची ओळख ही साधने आज देशातल्या अनेक प्रयोगशाळांत आहेत. कण्हेरीची आणि कुचल्याची विषे चूर्णात आहेत की नाहीत, हे तपासणे तर नित्याचे काम आहे. गोळा करणाऱ्यापासून कारखान्यापर्यंत पोत्यावर झाडाचे नाव लिहिणे याला तर प्रयोगशाळाही लागत नाही, एक चिठ्ठी आणि दोरा पुरतो. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१८ पासून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेतून चालते. वैद्याने अथवा डॉक्टराने तेथे नोंद करताना आश्रयवृक्षाचा रकाना भरावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. आणि जोवर हे होत नाही, तोवर गरोदर स्त्रीला, हृदयविकाराचे औषध चालू असलेल्याला आणि मूत्रपिंड आधीच थकलेल्याला हे चूर्ण देऊ नये, हे सांगायला कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुतखड्याच्या कळेबरोबर ताप आला किंवा लघवी अडली तर काढ्याचा विचार न करता रुग्णालय गाठावे लागते. अडलेले मूत्रपिंड फार दिवस वाट पाहत नाही.

प्रामाणिक संशोधनासाठी लागणारा माल कोठून आणायचा, हाही प्रश्न नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूसच्या बागांत दरवर्षी फळधारणेच्या आधी बांडगुळे छाटली जातात. फांदीवरच्या गाठीसकट कापून त्यांचे ढीग बागेच्या कडेला घातले जातात आणि वाळले की पेटवून दिले जातात. अर्थात येथेही डोळे मिटून चालणार नाही. मोहोर लवकर यावा म्हणून अनेक बागांत आंब्याच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझॉल ओततात. ते मुळांतून जलवाहिन्यांत आणि जलवाहिन्यांतून फांदीत चढते, आणि बांडगूळ तर त्याच जलवाहिन्यांना तोंड लावून बसलेले असते. त्याचा अंश तपासावा लागेल. पण कोणत्या कलमाला कोणत्या साली किती औषध घातले हे बागायतदाराच्या वहीत लिहिलेले असते, आणि कडेला पडलेल्या त्या ढिगातले बांडगूळ कोणत्या झाडावरचे, हेही तो बोट दाखवून सांगू शकतो.